अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील माझे दिवस

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत मी शाळेंत सहज भेटीस गेलें असतां मराठी विभागाच्या संपादक बाईंनीं मला गांठलें. "आपल्या मुलामुलींपैकीं पुष्कळांस डॉक्टर व्हावयाचें असतें, तेथें दिवस कसे जातात तें एकदां लिहून दे," असें त्यांनीं सांगितलें. बाईंचें सांगणें मोडण्याची संवय मला शाळेंत असतांनाही नव्हती. तेव्हां हा लेख लिहावयास बसलें आहें. मी सध्यां अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा अभ्यास करीत आहें. जें पाहिलें व भोगलें तेवढेंच लिहितें. याहून मोठ्या गोष्टी सांगण्याचा अधिकार अद्यापि मला प्राप्त झालेला नाहीं.

अंबाजोगाई हें बीड जिल्ह्यांतील बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें जुनें गांव. योगेश्वरीचें देऊळ, मुकुंदराजांची समाधि आणि दासोपंतांचें वास्तव्य यांमुळें मराठी माणसास हें नांव परकें नाहीं. निजामाच्या राजवटींत या गांवास मोमिनाबाद म्हणत. स्वामी रामानंद तीर्थांनीं येथील शाळेंत शिक्षकाचें काम केलें आणि पुढें हैदराबाद संस्थानांतील स्वातंत्र्याच्या लढ्याचें पुढारीपण केलें. सप्टेंबर १९४८ मध्यें तें संस्थान भारतांत विलीन झालें. त्यांचेंच नांव धारण करणारें आमचें महाविद्यालय १९७४ सालीं निघालें. खेड्यापाड्यांच्या भागांत स्थापन झालेलें आशिया खंडांतील हें पहिलें वैद्यकीय महाविद्यालय, असा त्याचा लौकिक येथें अभिमानानें सांगतात. माझी खोलींतील मैत्रीण मुंबईची आहे. प्रवेशाच्या यादींत या गांवाचें नांव पाहून तिच्या वडिलांनीं प्रथम नकाशा उघडला होता!

मला मात्र नकाशाची गरज नव्हती. आमचें गांव याच जिल्ह्यांतलें. माझे आईवडील ऊसतोडीचें काम करतात. दसरा झाला कीं मुकादमाची गाडी येते, आणि उचल घेतलेलीं सर्व कुटुंबें पोरेंबाळें व भांडींकुंडीं घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघून जातात. तीं परततात उन्हाळा तोंडावर आल्यावर. नवराबायकोच्या जोडीस तेथें माणसें म्हणत नाहींत, 'एक कोयता' म्हणतात. मी या शाळेच्या वसतिगृहांत राहिलें नसतें, तर आज माझ्याही हातांत कोयताच असता. हें मी कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. पुढें जें सांगावयाचें आहे त्यासाठीं एवढें ठाऊक असणें जरूर आहे.

प्रवेशपरीक्षेविषयीं थोडक्यांत सांगतें, कारण तिच्याविषयीं सांगणारे पुष्कळ आहेत. 'नीट' या परीक्षेंत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या विषयांवर ७२० गुणांची प्रश्नपत्रिका असते आणि ती मराठींतूनही देतां येते. परंतु एकदां आंत आलें म्हणजे सर्व पुस्तकें इंग्रजी, व्याख्यानें इंग्रजी आणि उत्तरेंही इंग्रजीच. साडेचार वर्षांचा अभ्यास, नंतर एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी आणि त्यापुढें सरकारी महाविद्यालयांतून शिकलेल्यांस एक वर्ष सरकारी सेवा, असा हा लांबचा रस्ता आहे. पालकांनीं हिशेब करावयाचा तो या सर्व वर्षांचा करावा.

पहिल्या वर्षीं शरीराची रचना, शरीराचें कार्य आणि जीवरसायन हे तीन विषय असतात. शवविच्छेदनाच्या दालनांत आम्हांस प्रथम नेलें त्या दिवशीं कोणीही मोठ्यानें बोललें नाहीं. फॉर्मलिनचा वास नाकांतून डोळ्यांत उतरतो आणि दुःख नसतांही पाणी येतें. चिरण्यापूर्वीं आम्हां सर्वांकडून शपथ म्हणून घेतली: हा देह आमचा पहिला गुरु आहे, त्याचा अवमान आमच्याकडून होणार नाहीं. बेवारस शवें अभ्यासासाठीं देण्यासंबंधींचा कायदा मुंबई राज्यांत १९४९ सालीं झाला. आतां आपल्या मरणानंतर देह द्यावा असें आपखुषीनें लिहून ठेवणारे लोकही आहेत. आमच्या टेबलावरील गृहस्थ कोण होते हें आम्हांस कळलें नाहीं, आणि कळूंही नये अशीच व्यवस्था असते. त्यांच्या उजव्या तळहातास घट्टे होते. माझ्या वडिलांच्या तळहातास जेथें आहेत तेथेंच. तो हात हातांत घेण्याची पाळी माझी होती, आणि त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं.

हाडांचा अभ्यास करावयास प्रत्येकास हाडें लागतात. वरच्या वर्गांतील मुलींकडून घेतलेला अर्धा संच पिशवींत घालून मी सुट्टींत घरीं गेलें. आजीनें पिशवी उघडली, आणि मांडीचें लांब हाड तिच्या हातांत आलें. ती ओरडेल, विटाळ झाला म्हणेल, असें मला वाटलें. परंतु तिनें तें उलटसुलट पाहिलें आणि विचारलें, "कुणाचं गं हे?" मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या हाडावरील प्रत्येक उंचवट्याचें व खांचेचें नांव मला पाठ होतें, पण हा प्रश्न मनांत आला नव्हता. आजीनें धुतलेल्या लुगड्याचा तुकडा आणून तीं हाडें त्यांत बांधलीं व फडताळांत वरच्या फळीवर ठेवलीं. अभ्यासाच्या वेळीं मागून घ्यावयाचीं आणि झाल्यावर तिच्याच हातीं परत द्यावयाचीं, असा सुट्टीभर नेम होता.

आतां माझ्या फजितीविषयीं. पहिल्याच अंतर्गत परीक्षेंत शरीररचनेच्या विषयांत मला शंभरांपैकीं ३१ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास येथें पन्नास लागतात. शाळेंत मी पहिल्या तिघींच्या खालीं कधीं गेलें नव्हतें. दोन दिवस मीं कोणाशीं शब्द काढला नाहीं. तिसऱ्या दिवशीं रात्रीं वडिलांस फोन केला. ते सातारा जिल्ह्यांत कोपीवर होते. पाठीमागें बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"बप्पा, मी नापास झाले," मी म्हणालें.

कांहीं वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "परत परीक्षा असती का?"

"असती."

"मग रडायला काय झालं? अर्धा फड राहिला म्हणून कोयता फेकून घरी येतो का आपण? उद्या परत तिथूनच धरायचं."

माझें दुखणें काय होतें तें तोंडी परीक्षेच्या वेळीं उघडकीस आलें. खांद्यापासून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याविषयीं सरांनीं विचारलें. सर्व आकृति माझ्या डोळ्यांपुढें उभी होती, पण इंग्रजी वाक्य ओठांवर येईना. सरांनीं थोडी वाट पाहिली व म्हणाले, "मराठींत सांग." मीं तें मुळापासून बोटांच्या टोकांपर्यंत सांगितलें. सर म्हणाले, "तुला येतें आहे. आतां हें इंग्रजींत लिहावयास शीक. मराठी मात्र टाकूं नकोस, पुढें वॉर्डांत लागेल." त्या रात्रीपासून मीं एक वही केली. डावीकडे पुस्तकांतला इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा अर्थ. रोज दहा शब्द. वार्षिक परीक्षेंत मी उत्तीर्ण झालें; गुण सांगण्यासारखे नव्हते, पण पुरेसे होते.

रोजचा क्रम कसा असतो असें पुष्कळ मुली विचारतात. दुसऱ्या वर्षापासून सकाळ व्याख्यानांत व वॉर्डांत जाते, दुपार प्रयोगशाळेंत आणि रात्र पुस्तकांत. मेसमधील वरण पातळ असतें, त्याविषयीं सर्व देशांतील विद्यार्थ्यांचें एकमत असावें. हजेरी भरली नाहीं तर परीक्षेस बसतां येत नाहीं, म्हणून तापांतही मुलें व्याख्यानास येतात आणि मागच्या बांकावर झोंपतात. दुसऱ्या वर्षीं रोगविज्ञान, सूक्ष्मजंतु व औषधशास्त्र. तिसऱ्या वर्षीं समाजाच्या आरोग्याचा विषय आणि न्यायवैद्यक. शेवटीं औषधोपचार, शस्त्रक्रिया, बालरोग आणि स्त्रियांचे रोग व प्रसूति. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यांतील कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात. त्यांच्या घरीं वेळोवेळीं जाऊन प्रकृतीची विचारपूस करावयाची. माझ्या वांट्यास आलेल्या एका घरांत दर खेपेस चहा घेतल्याशिवाय रक्तदाब मोजूं देत नाहींत. चहानें रक्तदाब बदलतो, हें त्या आजोबांस पटविण्याचा माझा प्रयत्न अद्यापि चालू आहे.

वॉर्डांत जाऊं लागल्यावर सरांचें म्हणणें मला कळलें. रोग्याची हकीकत नीट विचारून घेणें ही निम्मी वैद्यकी आहे असें आम्हांस शिकवितात. पण रोगी पुस्तकाच्या भाषेंत बोलत नाहीं. त्यास उन्हाळी लागते, त्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येते, कंबरेंत उसण भरते, पोटांत गोळा उठतो. माझ्या वहींतले रकाने उलटे झाले. डावीकडे गांवचा शब्द आणि उजवीकडे पुस्तकाचा. आणि जी वही मी लपवून ठेवीत असें, ती आतां मुंबई-नागपूरच्या मुली उतरून घेऊं लागल्या.

एक रात्र मला विसरतां येत नाहीं. पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही दोघी अपघात-विभागांत शिकण्यासाठीं थांबलों होतों. दहाएक वर्षांच्या मुलास घेऊन एक बाई आली आणि म्हणाली, "डाक्टर, लेकराला पान लागलं." माझ्या मैत्रिणीनें विचारलें, "कोणतं पान खाल्लं?" बाई रडूं लागली. आमच्याकडे रात्रीच्या वेळीं सापाचें नांव घेत नाहींत. साप चावला असें न म्हणतां 'पान लागलें' म्हणतात. मी धांवत जाऊन ज्येष्ठ डॉक्टरांस बोलावून आणलें. (मीं न सांगतां त्यांनाही तें क्षणांत कळलें असतें, येथें काम करणाऱ्यांस हा शब्द नवा नाहीं. यांत माझा पराक्रम कांहीं नव्हता.) मुलगा जमिनीवर झोंपला होता. चावल्याची खूण शोधूनही सांपडेना, परंतु पापण्या जड होऊन खालीं येत होत्या. डॉक्टर म्हणाले, मण्यार असावी. तिची खूण पुष्कळदां दिसतच नाहीं आणि दुखतही फारसें नाहीं. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली सर्पविषाची लस आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालते. ती शिरेंतून सुरू झाली, आणि श्वास मंदावतो कीं काय हें पाहण्यासाठीं आम्हां दोघींस मुलाच्या उशाशीं उभें केलें. पहाटेपर्यंत मीं त्याचे श्वास मोजले. कांहीं दिवसांनीं तो चालत घरीं गेला. पालकांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, चावलेल्या जागीं कापूं नये, चोखूं नये, दोरीनें करकचून बांधूं नये. अवयव हलूं न देतां रोग्यास धीर देऊन थेट रुग्णालयांत आणावें. त्या बाईनें वाटेंत कोठेंही वेळ घालविला नाहीं, म्हणून तें मूल वांचलें.

खेड्यांतील दुखण्यांचा अभ्यास हा कमी दर्जाचा अभ्यास नव्हे, याचें एक उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यांतलें आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचे. त्यांनीं नागपूरास वैद्यकीचें शिक्षण घेतलें व कोकणांत महाडच्या बाजूस सरकारी नोकरी केली. तेथें लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं विषाचे परिणाम टिपून ठेवले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाचें औषध या दंशावर वापरून मृत्यूचें प्रमाण पुष्कळच खालीं आणलें. त्यांचे हे लेख १९८२ व १९८६ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या प्रसिद्ध साप्ताहिकांत आले, आणि २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आमच्या वर्गांत त्यांचें नांव निघालें म्हणजे मराठवाड्याकडचीं मुलें थोडीं ताठ बसतात.

मुलींनीं डॉक्टर व्हावें हें आतां कोणास नवल वाटत नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं पदवी घेऊन १८८७ सालीं, बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, वारल्या. आज माझ्या वर्गांत मुली पुष्कळ आहेत. पण याच जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारींत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ भरल्या होत्या, हेंही मला विसरतां येत नाहीं. प्रसूतिगृहांत मुलगी झाल्याचें सांगावयास दाराबाहेर गेलें म्हणजे कांहीं चेहरे उजळतात आणि कांहीं खालीं वळतात. खालीं वळलेल्या चेहऱ्यांपुढें उभें राहण्याची संवय मला झाली नाहीं.

आतां जें लिहितें तें लिहावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला. आईस विचारलें, ती म्हणाली, "लिही, खोटं थोडंच आहे?"

ऊसतोडीच्या बायकांत 'पिशवी काढणें' हा शब्द रोजचा आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा धरून पैसे कापतात. दुखणें असो वा महिन्याची अडचण असो, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढविल्याशिवाय सुटका नाहीं. म्हणून कोणी ती एकदांची काढून टाक असें म्हटलें कीं, बायकांस तो सुटकेचा मार्ग वाटतो. या शस्त्रक्रियांचा बोभाटा इतका झाला कीं, २०१९ सालीं राज्य सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली. माझ्या आईची पिशवी काढली तेव्हां ती सत्तावीस वर्षांची होती आणि मी चौथींत होतें. तिला पांढरें जाण्याचा व कंबर दुखण्याचा त्रास होता. एका डॉक्टरांनीं सांगितलें कीं, पिशवीस सूज आहे, नाहीं काढली तर कॅन्सर होईल. त्या वर्षाची उचल त्यांतच संपली.

शेवटच्या वर्षीं स्त्रीरोगाच्या व्याख्यानांत मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. अशा तक्रारींत प्रथम काय तपासावें, कोणतीं साधीं औषधें द्यावींत, किती दिवस वाट पाहावी, आणि सर्व उपाय थकल्यावरच गर्भाशय काढण्याचा विचार कसा करावा. माझी लेखणी दुसऱ्या ओळीवरच थांबली. शेजारची मैत्रीण हलवीत होती. मला दिसत होतें तें घराच्या ओट्यावर पोटाशीं उशी धरून बसलेली आई आणि तिच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली मी. 'पिशवी' या शब्दाचा मला त्या दिवसापासून राग आहे. पिशवी फाटली तर टाकून देतात; त्या वस्तूस दुसरें एखादें नांव असतें, तर आईनें कदाचित् आणखी एकदां कोणास विचारलें असतें.

त्या वर्षीं आमच्या टोळीचें जाणें कांहीं दिवस लांबलें होतें. मी घरीं जाऊन आईस तिचे कागद मागितले. तिनें ट्रंकेंतून, रेशनकार्डाखालून एक पाकीट काढलें. आंत पैशांची एक पावती होती, आणि अर्ध्या कागदावर कोणाचें तरी न लागणारें अक्षर. एवढीं वर्षें शिकल्यावर तें मला वाचतां येईल अशी माझी कल्पना होती. तें वाचतां आलें नाहीं. "काय लिहिलंय?" आईनें विचारलें. "औषधांचीं नांवें आहेत," असें मीं सांगितलें. तें खोटें होतें, आणि तें तिला कळलें असावें.

दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन मी रुग्णालयांत आलें. "आता बघून काय उपयोग?" असें ती वाटेंत दोनदां म्हणाली. मॅडमनीं तिला सर्वांप्रमाणें रांगेंतूनच घेतलें आणि फार वेळ दिला. शस्त्रक्रियेंत दुसरेंही कांहीं काढलें होतें काय हें पाहण्यासाठीं सोनोग्राफी केली. बीजकोश जागेवर आहेत असें निघालें. तरीही ती वयाच्या मानानें लौकर थकली होती, अंगांत रक्त कमी होतें, आणि हाडांकडे लक्ष देणें जरूर होतें. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. ओझें उचलूं नये असें मॅडम म्हणाल्या, तेव्हां आई हंसली. मॅडम हंसल्या नाहींत. त्यांनीं तेंच वाक्य कागदावर लिहून दिलें आणि मुकादमास दाखवावयास सांगितलें. रविवारीं गाडी आली. गोळ्यांची पुडी तिनें भाकरीच्या फडक्यांत बांधली होती.

सोमवारीं मी वॉर्डांत परत आलें. खिडकीजवळच्या खाटेवर तिशींतली एक बाई बसली होती. मला पाहतांच तिनें विचारलें, "डाक्टरीणबाई, पिशवी काढायची का माझी?" मी अजून डॉक्टर झालें नाहीं, असें मीं तिला सांगितलें आणि स्टूल ओढून जवळ बसलें. कोठल्या गांवची, किती लेकरें, दुखतें केव्हांपासून, यापूर्वीं कोणतीं औषधें घेतलीं आणि ऊसतोडीस जाते काय, असें एकेक विचारीत गेलें. तिची हकीकत लिहून घेण्यास मला पाऊण तास लागला. मॅडम आल्यावर ती मीं प्रथम मराठींत वाचून दाखविली, आणि मग इंग्रजींत.